गुणपत्रकावरचा 'डब्ल्यू' कुणाला परवडतो?

अमेरिकेत स्थायिक झालेल्या आपल्या एका कुटुंबातली मुलगी मागच्या उन्हाळ्यात नागपूरला आजीकडे आली होती. पदवीचे पहिले वर्ष नुकतेच संपलेले. डॉक्टर व्हायचे हे शाळेपासून ठरलेले. आम्ही दोघे-तिघे कार्यकर्ते वस्तीत जी अभ्यासिका चालवतो, तिथे ती सहज म्हणून आली आणि मुलांशी बोलता बोलता तिने आम्हालाच एक प्रश्न विचारला. "दादा, रसायनशास्त्रात मला 'सी' मिळाला. माझ्या मैत्रिणीचाही तोच विषय जड जात होता. तिने मध्येच सोडला, तिच्या गुणपत्रकावर फक्त 'डब्ल्यू' आला. मी सोडला असता तर माझी शिष्यवृत्ती गेली असती. म्हणून मी शेवटपर्यंत बसले. आता मेडिकलला तिला घेतील की मला?"

अभ्यासिकेतल्या मुलांना हा प्रश्न आधी कळलाच नाही. ती सगळी नीटची तयारी करणारी. त्यांच्या लेखी डॉक्टरकीचा प्रवेश म्हणजे एक दिवस, १८० प्रश्न आणि ७२० गुण. बारावीत भौतिक, रसायन आणि जीवशास्त्रात खुल्या वर्गाला ५० आणि राखीव वर्गाला ४० टक्के मिळाले की पात्रता झाली. त्यापुढे बारावीच्या गुणांना कोणी विचारत नाही. कॉलेजात मध्येच विषय सोडता येतो आणि त्याची नोंद पुढे चार वर्षांनी कोणी वाचतो, ही कल्पनाच त्यांना नवीन होती.

आम्हाला मात्र तो प्रश्न सोडवेना. गेल्या दोन-तीन वर्षांत अमेरिकेतल्या मेडिकल प्रवेशांविषयी जे निकाल आणि कायदे आले, त्यांचा आणि या 'डब्ल्यू'चा जवळचा संबंध आहे. 'गुणवत्ता' या शब्दावर आपण इथे जो वाद रोज घालतो, तोच वाद तिथे वेगळ्या कागदांवर चालू आहे. म्हणून हा विषय सविस्तर मांडतो आहोत.

हिशेब कसा होतो

अमेरिकेत बारावीनंतर थेट मेडिकल नसते. आधी चार वर्षांची पदवी, मग एमकॅट ही प्रवेश परीक्षा आणि त्यानंतर चार वर्षांचे मेडिकल कॉलेज. बहुतेक एम.डी. कॉलेजांचे अर्ज एकाच केंद्रीय सेवेमार्फत जातात. ही सेवा मेडिकल कॉलेजांची राष्ट्रीय संघटना, म्हणजे एएएमसी चालवते. विद्यार्थ्याने ज्या ज्या कॉलेजात एखादा जरी विषय घेतला असेल, तिथले मूळ गुणपत्रक मागवले जाते. त्यावरून दोन जीपीए काढले जातात: एक सगळ्या विषयांचा, दुसरा फक्त जीवशास्त्र, रसायन, भौतिक आणि गणित यांचा. कमाल चार. 'ए' म्हणजे चार, 'बी' म्हणजे तीन, 'सी' म्हणजे दोन.

दरवर्षी ५० हजारांहून अधिक उमेदवार अर्ज करतात आणि २३ हजारांच्या आसपास जागा भरतात. प्रवेश मिळालेल्यांचा सरासरी जीपीए अलीकडच्या वर्षांत ३.८ च्या जवळ पोचला आहे. एमकॅटची कमाल ५२८, प्रवेश मिळालेल्यांची सरासरी ५११ ते ५१२. जिथे सरासरीच इतकी वर आहे, तिथे एखादा 'सी' किती खोल जातो, हे साध्या गणिताने पाहू. समजा कुणी पहिल्या वर्षी ३० क्रेडिट घेतले आणि घर, नोकरी, नवी भाषा यांच्या ओढाताणीत २.५ वर राहिले. पुढच्या तिन्ही वर्षांत ९० क्रेडिटमध्ये ३.९ मिळवले. हे जवळजवळ उत्तमच झाले. तरी चार वर्षांचा एकूण जीपीए निघतो ३.५५. पहिल्या वर्षीचे ठेचकाळणे शेवटपर्यंत अंगावर राहते.

आता त्या दोन मैत्रिणींकडे येऊ. विषय चार क्रेडिटचा आहे. पहिलीने तो सोडला, 'डब्ल्यू' घेतला आणि नंतर पुन्हा घेऊन 'ए' मिळवला. 'डब्ल्यू' जीपीएच्या हिशेबात धरत नाहीत. तिचा या विषयातला हिशेब ४.० झाला. दुसरीने 'सी' घेतला. समजा कॉलेजने तिला पुन्हा बसू दिले आणि तिनेही 'ए' मिळवला. पण केंद्रीय सेवा दोन्ही प्रयत्न मोजते, जुना गुण पुसत नाही. तिचा हिशेब ३.० झाला. दोघींना रसायनशास्त्र शेवटी सारखेच आले. फरक पडला तो जड जाऊ लागल्यावर बाजूला होण्याची मुभा कुणाला होती, एवढ्याचाच.

विषय सोडण्याची किंमत

नियम कागदावर सर्वांना सारखा आहे. सेमिस्टरच्या पहिल्या एक-दोन आठवड्यांत विषय सोडला तर गुणपत्रकावर खूणही राहत नाही. त्यानंतर ठरावीक तारखेपर्यंत सोडला तर 'डब्ल्यू' येतो. ती तारीख उलटली की जो गुण मिळेल तो घ्यावा लागतो. एखाद-दुसऱ्या 'डब्ल्यू'ने प्रवेश अडत नाही. दर वर्षी तेच दिसू लागले किंवा नेमके विज्ञानाचेच विषय सुटत गेले, तर मात्र निवड समिती कारण विचारते.

पण सोडण्याची किंमत सर्वांना सारखी नाही. परतावा मिळण्याची मुदत संपल्यावर विषय सोडला तर त्याची फी बुडते. तोच विषय पुन्हा घ्यायचा तर फी पुन्हा भरायची. सरकारी आर्थिक मदत घेणाऱ्या विद्यार्थ्याला प्रगतीची अट असते: घेतलेल्या क्रेडिटपैकी साधारण दोन तृतीयांश पूर्ण झाले पाहिजेत. 'डब्ल्यू'चे क्रेडिट 'घेतले' या रकान्यात धरले जातात, 'पूर्ण केले' या रकान्यात नाही. कितीतरी शिष्यवृत्त्यांना सेमिस्टरला किमान बारा क्रेडिट पूर्ण करण्याची वेगळी अट असते. विद्यार्थी व्हिसावर गेलेल्या आपल्या मुलांवर तर टांगती तलवारच असते. कॉलेजच्या अधिकृत परवानगीशिवाय पूर्णवेळ अभ्यासक्रमाच्या खाली गेले की व्हिसाचा दर्जाच धोक्यात येतो.

म्हणजे ज्याच्या घरी पैसा आहे त्याच्यासाठी 'डब्ल्यू' हे गुणपत्रकावरचे एक अक्षर आहे. जो मदतीवर शिकतो त्याच्यासाठी ते पुढच्या सेमिस्टरचे भाडे आहे. तो बसून राहतो, 'सी' घेतो आणि तो 'सी' कायमचा जीपीएत जातो. निवड समितीपुढे कागद येतो तेव्हा एकाचा ३.८५ दिसतो आणि दुसऱ्याचा ३.५५. कागद खोटे बोलत नाही, पण निम्मेच सांगतो.

पुढे डागडुजीचा बाजार आहे. पदवीनंतर विज्ञानाचे विषय पुन्हा शिकवून जीपीए सावरून देणारे अभ्यासक्रम अमेरिकेत भरपूर आहेत. त्यांचा उपयोगही होतो, पण तेही फी घेऊनच. केंद्रीय अर्जाला पहिल्या कॉलेजसाठी १७० डॉलरच्या पुढे आणि नंतरच्या प्रत्येक कॉलेजसाठी ४० डॉलरहून जास्त लागतात. कॉलेजांचे स्वतःचे अर्ज आणि त्यांचे शुल्क वेगळे. गरजूंसाठी एएएमसीची शुल्क सवलत योजना आहे, पण ती आहे हे वेळेवर कळावे लागते. घरात पहिल्यांदाच कोणी कॉलेजात गेलेले असते, तिथे हे सांगणारे नसते. डॉक्टरांच्या मुलांना या गोष्टी जेवणाच्या ताटावर कळतात.

एका निकालानंतर

या विषमतेची थोडी भरपाई करणारी एक व्यवस्था होती. निवड समित्या गुणांसोबत उमेदवाराचा वंश, पार्श्वभूमी आणि त्याने ओलांडलेले अडथळे विचारात घेत. आपल्याकडच्यासारख्या ठरावीक राखीव जागा तिथे १९७८ मध्येच संपल्या. डेव्हिस इथल्या कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या मेडिकल कॉलेजने १०० पैकी १६ जागा मागास गटांसाठी ठेवल्या होत्या. ॲलन बाकी या गोऱ्या उमेदवाराने त्याविरुद्ध दावा लावला. सर्वोच्च न्यायालयाने राखीव जागा रद्द केल्या, पण अनेक घटकांपैकी एक म्हणून वंश पाहायला मुभा दिली. ही मुभा ४५ वर्षे टिकली. २९ जून २०२३ रोजी हार्वर्ड आणि नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठांच्या खटल्यांत ती जवळपास संपली. वंशाचा आपल्या आयुष्यावर काय परिणाम झाला, हे उमेदवार निबंधात लिहू शकतो. त्या रकान्याला मात्र प्रवेशात वजन देता येत नाही.

परिणाम दिसायला वेळ लागला नाही. २०२४ मध्ये मेडिकलच्या पहिल्या वर्षात दाखल झालेल्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांची संख्या आदल्या वर्षीपेक्षा ११.६ टक्क्यांनी घटली. हिस्पॅनिक विद्यार्थ्यांची १०.८ टक्क्यांनी आणि मूळनिवासी अमेरिकनांची २२.१ टक्क्यांनी. हे आकडे एएएमसीचेच आहेत. मे २०२५ मध्ये मेडिकल कॉलेजांना मान्यता देणाऱ्या समितीने विविधतेचा निकष आपल्या नियमांतून काढला. जुलै २०२५ मध्ये झालेल्या कायद्याने पदव्युत्तर शिक्षणासाठीचे 'ग्रॅड प्लस' हे सरकारी कर्ज बंद करायचे ठरवले. १ जुलै २०२६ पासून नव्या मेडिकल विद्यार्थ्याला सरकारी कर्ज वर्षाला ५० हजार आणि एकूण दोन लाख डॉलरपर्यंतच. अनेक कॉलेजांचा चार वर्षांचा खर्च त्याच्या बराच वर आहे. उरलेली रक्कम खासगी बँकेकडून घ्यायची, म्हणजे बहुधा जामीनदार पाहिजे. ज्याने 'डब्ल्यू' घेणे परवडत नाही म्हणून 'सी' घेतला, त्याच्याच वाटेवर आता हा दुसरा नाका बसला आहे.

हे पहिल्यांदा होत नाही. १९१० मध्ये अब्राहम फ्लेक्सनर यांचा वैद्यकीय शिक्षणावरचा प्रसिद्ध अहवाल आला. शिक्षणाचा दर्जा उंचावणे हा त्याचा हेतू होता आणि निकृष्ट कॉलेजे तेव्हा खरोखरच होती. पण त्यानंतर कृष्णवर्णीयांच्या सात मेडिकल कॉलेजांपैकी पाच बंद पडली. हॉवर्ड आणि मेहॅरी ही दोनच उरली. दर्जाची मोजपट्टी लावली आणि मोजपट्टीपर्यंत पोचायला लागणारा पैसा दिला नाही, की काय होते त्याचे हे शंभर वर्षांपूर्वीचे उदाहरण. कृष्णवर्णीय डॉक्टरांच्या कमतरतेची चर्चा तिथे आजही या अहवालापासून सुरू होते.

'एशियन' या रकान्यात कोण?

आपला थेट संबंध इथे येतो. २०२३ चा खटला आशियाई अमेरिकन विद्यार्थ्यांवर अन्याय होतो या मुद्द्यावर उभा होता. अर्जावर 'एशियन' हा रकाना आहे, त्यात 'इंडियन' आहे, जात नाही. दोन-तीन पिढ्यांपासून डॉक्टर असलेल्या सवर्ण घरातला मुलगा आणि इंदोऱ्यातून निघून न्यू जर्सीला पोचलेल्या पहिल्या पिढीतल्या बौद्ध घरातली मुलगी यांची खूण एकाच चौकोनात पडते. भारतीय डॉक्टरांची तिथली संख्या आणि प्रतिष्ठा मोठी आहे. त्यामुळे निवड समितीला 'इंडियन' म्हटले की सुशिक्षित, सुस्थितीतले घर डोळ्यांपुढे येते.

सिएटल शहराने फेब्रुवारी २०२३ मध्ये जातीवरून होणाऱ्या भेदभावाला बंदी घातली. कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळानेही तसे विधेयक मंजूर केले, पण त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये राज्यपालांनी ते नाकारले. या लढ्यातले आपले कार्यकर्ते नोकरी आणि घराबद्दल बोलतात, ते योग्यच आहे. कॉलेज प्रवेशाच्या अर्जाबद्दलही त्यांनी बोलावे, असे आम्हाला वाटते. २०२४ च्या प्रवेशांपासून केंद्रीय अर्जात 'आयुष्यावर परिणाम करणारे इतर अनुभव' लिहायला स्वतंत्र जागा आहे. घर, पैसा, वस्ती, शाळा, भेदभाव यांविषयी तिथे लिहिता येते. आपली मुले तिथे बहुधा काही लिहीत नाहीत. काहींना लाज वाटते, काहींना ते सहानुभूती मागणे वाटते. आजोबा कुठे काम करत होते आणि आपण शिकता शिकता आठवड्याला किती तास नोकरी केली, हे सांगणे म्हणजे भीक मागणे नव्हे. तो गुणपत्रकाचा उरलेला निम्मा भाग आहे.

हे शक्य आहे, याचा पुरावा त्याच डेव्हिसमध्ये आहे. कॅलिफोर्नियात १९९६ च्या सार्वमताने वंशाधारित प्रवेश आधीच बंद झाले होते. तिथल्या मेडिकल कॉलेजने मग उमेदवाराचे कौटुंबिक उत्पन्न, पालकांचे शिक्षण, घरची जबाबदारी अशा गोष्टींचा एक वंचिततेचा गुणांक तयार केला आणि तो जीपीए आणि एमकॅटसोबत ठेवून वाचायला सुरुवात केली. आज ते देशातल्या सर्वांत वैविध्यपूर्ण मेडिकल कॉलेजांत गणले जाते.

"मग गुणांना किंमतच नाही का? रसायन न येणारा डॉक्टर तुम्हाला चालेल का?" असे कोणी विचारेल. प्रश्न रास्त आहे. डॉक्टरला रसायनशास्त्र आलेच पाहिजे. आमच्या वस्तीतल्या माणसाला तर ते येणारा डॉक्टर जास्तच हवा, कारण दुसऱ्या डॉक्टरकडे जायला त्याच्याकडे पैसे नसतात. आमचे म्हणणे एवढेच की, विषय कुणाला येतो हे पाहा आणि कितव्या प्रयत्नात, कोणत्या परिस्थितीत आला हेही पाहा. एका दिवसाच्या परीक्षेवर सगळे सोपवणे हाही उपाय नाही. २०२४ च्या नीटमध्ये पहिल्या निकालात ६७ जण ७२० पैकी ७२० घेऊन आले, १,५६३ जणांचे वाढीव गुण मागे घ्यावे लागले आणि पेपरफुटीचा तपास सीबीआयकडे गेला. चार वर्षांचे गुण असोत की तीन तासांचे, त्यांच्या मागे कोण उभे होते हे विचारावेच लागते.

एकट्याने की गटाने?

नियम बदलायला वेळ लागेल. तोवर काय करायचे, याचेही उत्तर तिथल्याच अनुभवात आहे. १९७० च्या दशकात बर्कलेमध्ये यूरी ट्राइसमन या संशोधकाने गणितात मागे पडणाऱ्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांचा अभ्यास केला. मुले आळशी नव्हती, तासन्‌तास बसत होती, पण एकटी. चिनी वंशाची मुले मात्र एकत्र बसून गणिते सोडवत, एकमेकांच्या चुका काढत. ट्राइसमन यांनी शिकवणी न लावता अवघड गणितांचे गट सुरू केले आणि निकाल स्पष्टपणे सुधारले. लुईझियानातले झेवियर विद्यापीठ लहान आहे, श्रीमंत नाही. तरीही कृष्णवर्णीय पदवीधरांना मेडिकलला पाठवण्यात ते वर्षानुवर्षे देशात पुढे राहिले आहे. पहिल्या वर्षापासून रसायनशास्त्राचे गट, वरच्या वर्गातल्यांनी खालच्यांना शिकवणे आणि कोणी घसरतो आहे हे परीक्षेआधीच ओळखणे, ही त्यांची पद्धत.

ही पद्धत आपल्याला परकी नाही. बाबासाहेबांनी १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ आणि १९५० मध्ये औरंगाबादेत मिलिंद कॉलेज उभारले, तेव्हा वर्गासोबत वसतिगृहाचाही विचार केला. बाबासाहेबांना १९०७ च्या मॅट्रिकला ७५० पैकी २८२ गुण होते, हे आपण भाषणांत ऐकतो आणि टाळ्या वाजवतो. त्या गुणांमागे केळुसकर गुरुजींचा आधार होता आणि पुढे बडोद्याची शिष्यवृत्ती होती, म्हणून १९१३ मध्ये कोलंबिया घडले. टाळ्या वाजवताना ही दुसरी बाजू आपण विसरतो.

म्हणून आमच्या काही सूचना आहेत. अमेरिकेतल्या आपल्या संघटनांनी आणि विहारांनी पदवीच्या पहिल्या वर्षाच्या मुलांचे रसायन, जीवशास्त्र, गणिताचे गट ऑनलाइन चालवावेत. तिथे निवासी डॉक्टर म्हणून काम करणाऱ्यांनी आठवड्यातला एक तास द्यावा. विषय सोडण्याची शेवटची तारीख प्रत्येक मुलाला पहिल्या आठवड्यातच ठाऊक असावी. सोडण्याआधी आर्थिक मदत कार्यालयाशी आणि व्हिसावर असेल तर परदेशी विद्यार्थ्यांच्या अधिकाऱ्याशी बोलणे सक्तीचे समजावे. एखादा विषय सोडावाच लागला तर बुडालेल्या फीसाठी समाजाचा छोटा निधी असावा. आपण पुतळ्यांसाठी आणि कार्यक्रमांसाठी वर्गणी काढतोच. एका मुलीचा एक 'डब्ल्यू' परवडण्यासाठीही ती काढता येईल.

इथल्या मुलांनाही एक सांगणे आहे. भारतातून थेट अमेरिकेत एम.डी.ला प्रवेश मिळवणे फार कठीण आहे. बहुतेक कॉलेजे परदेशी विद्यार्थी घेत नाहीत, घेणारी तिथल्या पदवीचा आग्रह धरतात. आपल्यासाठी मळलेली वाट म्हणजे इथे एम.बी.बी.एस. करून तिथल्या परवाना परीक्षा देणे. त्या परीक्षेचा पहिला टप्पा जानेवारी २०२२ पासून फक्त उत्तीर्ण-अनुत्तीर्ण झाला आहे, त्यामुळे दुसऱ्या टप्प्याच्या गुणांना वजन आले आहे. नापास झालेला प्रयत्न तिथेही नोंदीत राहतो. घाईने बसू नका.

त्या मुलीला आम्ही काय सांगितले? एका 'सी'ने दार बंद होत नाही. पुढच्या विषयांत चढता आलेख दिसला तर समिती तो वाचते. विषय का सोडला नाही हे मुलाखतीत विचारले तर शिष्यवृत्तीचे खरे कारण सांग, लपवू नकोस. आणि एकटी अभ्यास करू नकोस. तिने ऐकून घेतले. मग म्हणाली, "दादा, पण माझ्या वर्गात आपलं कुणीच नाही. गट कुणाबरोबर करू?"

त्या दिवशी आमच्याकडे उत्तर नव्हते. नंतर अभ्यासिकेतल्या नीटच्या तीन मुली आणि ती असा एक गट झाला. इथली सकाळ आणि तिथली रात्र जुळवून त्या रविवारी तासभर सेंद्रिय रसायनशास्त्र करतात. अभ्यासक्रम वेगळे आहेत, परीक्षा वेगळ्या आहेत, पण रेणू तेच आहेत. गट सध्या चौघींचाच आहे. हे वाचणाऱ्यांपैकी कुणाला रविवारी सकाळी रसायनशास्त्र शिकवता येत असेल, तर आपल्या गावातल्या, आपल्या ओळखीतल्या मुलांपासून असाच गट सुरू करा.